मोनिकाबाईंचा नवस

सन सहासष्टच्या दुष्काळात आमच्या शेजारच्या मोनिकाबाईंचा नवरा योसेफ खाणीतल्या खोकल्याने अंथरुणाला खिळला होता. उपवास ईस्टरला सुटतात; ईस्टर होऊन महिना झाला, तरी बाईंचा उपवास सुटेना. "मरियामातेले नवस बोलली मी. तुम्ही जेवा," म्हणत त्या त्याला भरवायच्या. नवस मोडू नये म्हणून तोही मुकाट जेवायचा.

एकदा फादर त्याला कम्युनियनची पवित्र भाकर द्यायला घरी आले. योसेफ म्हणाला, "फादर, इचा नवस सोडवा. हाडं दिसून राह्यले इचे."

फादरांनी आशीर्वाद देऊन नवस सोडवला. "आता जेव, बेटी."

"हौ," म्हणत त्या उठल्या आणि एकच थाळी वाढून त्याच्यापुढे ठेवली. योसेफने चुलीकडे पाहिलं. गंजात भाताचं शीतही उरलं नव्हतं.

त्या दिवसापासून तो भूक नाही म्हणू लागला. पावसाळ्याआधीच गेला.