नाल्वाच्या सहा तारा

लिंदिनाल्वाला सहा तारांचा बास (खर्जातली गिटार) हवा होता असं कुणी म्हणालं, तर ती अजूनही पदर खोचून भांडायला उठेल. पदर नसतो तिला, असतो तो पीठ-खोबऱ्याने माखलेला एप्रन, पण उठते मात्र तशीच. तिला तो बास नको होता. चार तारांवर वीस वर्षं तिचं झकास चाललं होतं. सहा तारा हव्या होत्या सेउ ओतासिलियोला.

सेउ (म्हणजे मानाने 'राव') ओतासिलियो आमचा म्होरक्या. गातो तोच, अकॉर्डियन वाजवतो तोच, आणि चिडतोही बहुतेक तोच. वय एकाहत्तर. मी दोर्जिवाल, त्याच्या मागे उभा राहून ढोल बडवतो. लिंदिनाल्वाच्या, आमच्या नाल्वाच्या, धाकटीचा मी धर्मबाप, म्हणून ती मला कोंपाद्रे म्हणते आणि त्या नात्याने काहीही ऐकवते. एरवी ती कारुआरूच्या बसस्टँडसमोर सकाळी साडेचारपासून तापिओका, म्हणजे कंदाच्या पिठाची धिरडी, भाजते. पण जून उजाडला, साओ जोआओचा सण आला, की तीच बाई खांद्याला बास लावून मांडवात उभी राहते आणि अख्खं गाव तिच्या ठेक्यावर कंबर हलवतं. वर्षाचे अकरा महिने गिऱ्हाईक तिला "ए बाई, खोबरं जास्त घाल" म्हणतं. जूनमध्ये तेच गिऱ्हाईक मानाने "दोना नाल्वा" म्हणतं. त्या एका महिन्यावर ती उरलेलं वर्ष काढते.

मे महिन्यातल्या एका तालमीला सेउ ओतासिलियोने उगाच घसा साफ केला. त्यावरूनच मी ओळखलं, काहीतरी शिजतंय.

"मोठ्या बँडांत बघ, नाल्वा. सगळ्यांकडे सहा तारांचा बास," तो म्हणाला. "लोक आधी बघतात, मग ऐकतात."

"मला हात दोनच आहेत, सेउ ओतासिलियो. तारा वाढवल्या म्हणून बोटं वाढत नाहीत."

"वांदेर्सनची पुरतात."

वांदेर्सन हा त्याचा भाचा. तेवीस वर्षांचा, केसांना तेल की काय ते लावलेलं, बास नवाकोरा, सहा तारांचा, आणि त्याच्या दांडीला चिमट्यासारखं अडकवलेलं एक यंत्र. तार सुरात लागली की यंत्रात हिरवा दिवा लागतो. पोरगा वाईट नाही, पण त्या दिव्यावर त्याचा जेवढा विश्वास तेवढा माझा देवावरही नाही.

"जूनच्या पहिल्या रविवारी दोघांनी वाजवा," सेउ ओतासिलियोने निकाल दिला. "सहा तारांवर. ज्याचं मला पटेल, तो यंदा सणाला माझ्यासोबत."

नाल्वाने मान डोलावली. घरी जाताना मात्र मला म्हणाली, "कोंपाद्रे, बास गेला तर मी बाराही महिने तापिओकावालीच." मला सेउ ओतासिलियोचा इतका राग आला की पुढच्या तालमीला मी मुद्दाम उशिरा गेलो.

नवा बास घेण्याची तिची ऐपत नव्हती. म्हणून आम्ही बदलाबदलीच्या बाजारात गेलो. तिथे लोक मिक्सर देऊन कोंबडे नेतात आणि घड्याळ देऊन दाराच्या चौकटी. एकदा हातात हात दिला की व्यवहार पक्का, मग कोंबडा मुका निघो नाहीतर मिक्सर. नाल्वाने सोबत आपली सायकल आणली होती. त्याच सायकलवरून ती अकरा वर्षं बसस्टँडला जात होती.

"आणि उद्यापासून कशी जाशील?" मी विचारलं.

"पायांनी. देवाने दिलेत, आणि त्यांची हवा जात नाही."

जेनिवाल नावाच्या एका माणसाने गोधडीवर जुनी वाद्यं मांडली होती. त्यात सहा तारांचे बास तीन. पहिला लालचुटूक, चकचकीत. मी तर लगेच त्याच्या प्रेमात पडलो. नाल्वाने तो उचलला, एक डोळा मिटला आणि दांडीवरून असं पाहिलं, जसं सुतार फळीवरून बघतो.

"वाकलाय," ती म्हणाली. "ऊन लागलंय याला. ठेव."

दुसरा सरळ होता. तिने तो गळ्यात अडकवला आणि मला कॉफी आणायला पाठवलं. मी कॉफी आणली, प्यायलो, तिचीही प्यायलो, तरी ती तशीच उभी. मग म्हणाली, "माझी मान सांगते, हा तीन गाण्यांचा सोबती. मला पहाटेपर्यंत उभं राहायचं असतं." तोही गोधडीवर परत गेला.

तिसरा बास म्हणजे कुरूपपणाचा कळस. कुठल्यातरी प्रार्थनामंडळाने त्याला पोपटी रंग फासला होता आणि वर पांढऱ्या अक्षरात काहीतरी पवित्र लिहून नंतर अर्धवट खरवडलं होतं. पण दांडी सरळ, वजन बेताचं. नाल्वाने एकेका पडद्यावर बोट दाबून एकेक तार छेडली, सगळ्या पडद्यांवर, सहाही तारा. कुठे खरखर नाही. सगळ्यात जाड तार, ती 'सी' सुराची (आमचे सूर दो, रे, मी, फा, सोल, ला, सी), स्वस्तातल्या बासवर नेहमी लोळागोळा होऊन पडते. आवाज येतो पण सूर येत नाही. ही मात्र ताठ बोलली. नाल्वाच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण तिने माझा पाय दाबला. हाच.

"बाई, हात पुरेल का?" जेनिवालने तिच्या छोट्या पंजाकडे बघून विचारलं. "दांडी पोळपाटाएवढी आहे."

"माझ्या हाताची काळजी तू करू नकोस. तुझ्या बासचं बघ. हा बेसूर आहे."

"बेसूर? सकाळीच लावलाय!"

"खाली लागलाय. सगळाच."

जेनिवालने फोन काढला, तार छेडली. हिरवं. दुसरी छेडली. हिरवं. सहाही तारा हिरव्यागार.

"मग तुझा फोन बेसूर आहे," नाल्वा म्हणाली.

"दोना, फोन कसा बेसूर असेल?"

"माझा नवरा असतो, तर फोन का नसेल?"

आजूबाजूची माणसं जमली. मी छातीठोकपणे सांगितलं की ही बाई वीस वर्षं वाजवते आणि हिचा कान म्हणजे कान. माझ्याही कानाला तो बास खालीच वाटत होता, देवाशपथ. गर्दीनेही लगेच माझीच बाजू घेतली, कारण बाजारात गर्दी नेहमी विकणाऱ्याच्या विरुद्ध असते. बिचारा जेनिवाल इतका गडबडला की सायकलच्या बदल्यात बास, वर पट्टा, आणि वर एक वायरही देऊन बसला. हातात हात पडला. नाल्वा विजयी मुद्रेने निघाली, चालत.

रस्त्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खोटा फोन नव्हता, खोटे आम्ही होतो. सेउ ओतासिलियोची अकॉर्डियन जुनी, कुणा मिस्त्रीच्या हाताने बिघडलेली, आणि जगाच्या सुरापेक्षा चिमूटभर वर. अकॉर्डियनच्या पेटीला खुंट्या नसतात, म्हणून आमच्यात सगळेच तिच्याशी सूर लावतात. वीस वर्षं तसंच लावून लावून आमचे कानही वर चढले होते. त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? तो अकॉर्डियनबद्दल बोलायला लागला की त्याची बायकोसुद्धा बाहेर जाते.

मी हे सांगितलं तेव्हा नाल्वा रस्त्यातच थांबली. मला वाटलं, जेनिवालकडे परत जाऊन माफी मागेल. पण तिच्या डोळ्यात वेगळीच चमक आली.

"कोंपाद्रे," ती म्हणाली, "वांदेर्सन कशाने लावतो?"

"दिव्याने."

"त्याला कुणी सांगितलंय, पेटीशी लावायचं असतं म्हणून?"

"मी तर नाही सांगितलं."

"मीही नाही सांगणार."

आम्ही दोघं इतकं हसलो की एका रिकाम्या बसच्या चालकाने थांबून, काय झालं म्हणून विचारलं. तो पोरगा हिरव्या दिव्याने अचूक लावून येणार, पेटीसोबत पहिल्याच ओळीला भांडण जुंपणार, आणि मामाला स्वतःच्या पेटीचा दोष दिसणं शक्यच नाही. खापर फुटणार ते बासवर. पाप होतं. पण गोड होतं.

पुढचे तीन आठवडे नाल्वा रोज दुपारी सराव करी. रविवारी सकाळी तिने जुना चार तारांचा बास शेजारी ठेवला. तो गेल्या तालमीला पेटीशी लावलेला होता. त्याच्या 'मी' तारेवरून नव्याची 'मी' तार, 'ला'वरून 'ला', मग 'रे', 'सोल'. जाड 'सी'चा स्वर पाचव्या पडद्यावर दाबून 'मी'शी जुळवला, आणि सोल पाचव्यावर दाबून त्यावरून बारीक दो लावली. दोन तारांमधली थरथर थांबेपर्यंत खुंटी पिळत राहिली.

"आज मी पेटीकडे सूर मागणारच नाही," ती म्हणाली. "सरळ उभी राहणार आणि वाजवणार. बघू दे त्या पोराला."

सेउ ओतासिलियोच्या अंगणात आम्ही जमलो. वांदेर्सन दिवा लावून बसला होता. वडीलकीच्या मानाने नाल्वा आधी उभी राहिली. पोपटी बास बघून वांदेर्सन हसू दाबत म्हणाला, "मावशी, सूर तपासून देऊ का?"

"तुझा सांभाळ, बाळा."

सेउ ओतासिलियोने भाता उघडला. संथ चालीचं गाणं होतं. नाल्वाने पहिला स्वर दिला, आणि मी चमकून पेटीकडे पाहिलं.

ती वर होती. पेटी खाली होती. पेटी चक्क बरोबर होती! म्हाताऱ्याने गुपचूप ती दुरुस्त करून आणली होती आणि आम्हाला अवाक्षर सांगितलं नव्हतं. वांदेर्सनसाठी खणलेल्या खड्ड्यात आमचीच बाई उभी होती.

मी नाल्वाकडे पाहिलं. तिचा चेहरा एक क्षण पांढरा पडला. वीस वर्षांत तिला घाबरलेली मी पाहिली नव्हती, आणि मला रडू आल्यासारखं झालं. मग तिचा डावा हात दांडीवरून उठला आणि खुंट्यांवर गेला. उजव्या हाताने ती मोकळी ला छेडत होती, डाव्या हाताने तीच खुंटी सोडत होती. स्वर खाली सरकला, बसला. ओळ 'रे'वर आली तशी 'रे'. मग 'मी'ची तार. गाणं न थांबता, एकही ठेका न चुकता. मोकळ्या तारा मिळतील तिथे त्या वाजवायच्या, आणि वाजताहेत तोवर त्यांचेच कान पिळायचे. सोल लागायच्या आत कडवं आलं, तर तिने ते सगळं नव्या जाड 'सी'वर आणि 'मी'वर पडदे दाबून तोलून धरलं. सी तिने कधी सरळ केली ते मलाही दिसलं नाही. मी इकडे ढोल असा बडवत होतो की शेजारची कुत्री उठली. त्या गोंधळात जेवढं लपेल तेवढं लपवायचं, एवढंच मला येत होतं.

दुसऱ्या कडव्याला बास आणि पेटी एक झाली. नाल्वाच्या मानेवरून घाम ओघळत होता.

मग वांदेर्सन. खोटं बोलणार नाही, पोरगा स्वच्छ वाजवतो. सूर तर काय, दिव्यासारखा लखलखीत. पण सेउ ओतासिलियोचा उजवा खांदा दुखरा आहे. भाता वळवताना त्याला कधीकधी अर्धा श्वास जास्त लागतो आणि गाणं तिथे जरा रेंगाळतं. वांदेर्सन मोजून पुढे गेला. तीनदा गेला. मामा तीनदा मागे राहिला.

गाणं संपलं. सेउ ओतासिलियोने पेटी मांडीवर ठेवली.

"दोर्जिवाल," तो म्हणाला, "ढोल फाडायचा होता का?"

मी खाली बघितलं.

"मिस्त्री म्हणाला, ही पेटी वीसेक वर्षं तरी वर असेल." त्याचा आवाज लहान झाला होता. "मला लाज वाटली, म्हणून कुणाला बोललो नाही. तुम्हाला माहीत होतं?"

मी ढोलाची दोरी आवळत बसलो. शेवटी नाल्वाच बोलली.

"तुम्ही वर होतात, आम्ही वर आलो. आज तुम्ही खाली आलात, आम्ही खाली. त्यात सांगायचं काय? फक्त पुढच्या वेळी आदल्या दिवशी कळवा, माझी बोटं सोलली."

म्हाताऱ्याने पेटीचा पट्टा अडकवला. मग भाच्याकडे वळला. "छान वाजवतोस, बाळा. पुढच्या वर्षी तूच असशील कदाचित. पण तू त्या दिव्याकडे बघत होतास, आणि ही माझ्याकडे बघत होती. यंदा नाल्वा."

वांदेर्सनने यंत्र काढून खिशात ठेवलं आणि नाल्वाला विचारलं, "मावशी, वाजवता वाजवता ते कसं केलंस? मला शिकवशील?"

ती बास पोटाशी धरून पायरीवर बसली होती आणि एप्रनच्या टोकाने डोळे पुसत होती. सेउ ओतासिलियो जवळ आला तशी ती खेकसली, "आणि तुमच्याकडे नव्हते बघत मी. खांद्याकडे बघत होते. तुमच्याकडे बघून कुणाला काय मिळालंय आजवर?"

"खांदा माझाच आहे," तो म्हणाला, आणि तिच्या शेजारी पायरीवर बसला.