मनकर्णाचं कुंकू

वसमतच्या मोंढ्यामागं मोहियोद्दीन कुंकूवाल्याचं दुकान होतं. निजामाचं राज्य होतं आणि दुसरी मोठी लढाई अजून सुरू व्हायची होती, तेव्हाची ही गोष्ट. मोहियोद्दीन लहानपणी एका अडत्याकडं झाडलोट करायचा आणि उठता-बसता मार खायचा. तिथून सुटून तो कुंकू करायला शिकला. तेव्हापासून गल्लीतलं कुठलंही पोरगं जरा कळतं झालं की तो त्याच्या मागं लागायचा, "दुसऱ्याच्या दारात उभं राहू नको. फुटाणे विक, वाती वळून विक, पन माल तुझा पायजे." हातात काही नाही म्हणणाऱ्याला तो घरातलंच काहीतरी देऊन बाजारात धाडायचा. त्याला मूलबाळ नव्हतं. बायको कमरुन्निसा हसून म्हणायची, "अर्ध्या वसमतची लेकरं ह्यांचीच हायेत."

त्या लेकरांत एक मनकर्णा होती. तिचा बाप ग्यानबा मोंढ्यात हळदीची पोती वाहायचा. आई मागंच गेली होती. मनकर्णा कुंकू चाळायला म्हणून आली आणि बघता बघता सगळं काम शिकली. हळकुंडाचे तुकडे लिंबाच्या रसात, सवागीच्या खारात मुरवायचे, सावलीत वाळवायचे, कुटायचे, मलमलीतून गाळायचे. रस पुरता मुरला की नाही, हे तिला वासावरून समजायचं. तिच्या हातचा रंग मोहियोद्दीनच्या रंगापेक्षा गडद उतरायला लागला, तेव्हा त्यानं तो माल आपल्या दुकानात मांडायचं नाकारलं.

"औंढ्याच्या शिवरात्रीच्या जत्रेला तू तुझं दुकान मांड, बेटी."

"मी? आबा काय म्हनतील?"

"ग्यानबाला मी सांगतो."

ग्यानबा आधी उसळला. पोरीच्या जातीनं जत्रेत बसायचं? मोहियोद्दीन रोज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसला. शेवटी ग्यानबा कंटाळून म्हणाला, "बरं. पन मी शेजारी बसनार."

जत्रेत पहिला तासभर मनकर्णाच्या तोंडून आवाजच फुटेना. मग जमनाबाई नावाची एक बाई सुनेला घेऊन थांबली. मनकर्णानं चिमूट घेऊन तिच्या मनगटावर ओढली. "घामानं जायचं न्हाई मावशी. पुसून बघा." जमनाबाईनं पदरानं पुसलं, रंग तसाच राहिला. तिनं चार बायांना हाक मारली. दिवस मावळायच्या आत परात रिकामी झाली आणि ग्यानबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला, "माझ्या पोरीचं दुकान हाय."

पुढं दर शिवरात्रीला बाया तिला शोधत यायच्या. मग लग्न झालं. नवरा रामकिशन कळमनुरीकडचा, गाडी हाकणारा, भला माणूस. तोच तिचा माल वारंग्याच्या बाजारात नेऊन विकायचा. पण दुसऱ्याच पावसाळ्यात त्याला तापानं धरलं आणि आठवड्यात तो गेला. घराण्यात विधवेचा पाट लावायची रीत नव्हती. अठराव्या वर्षी मनकर्णा मोकळं कपाळ घेऊन बापाच्या घरी परत आली.

ती घराबाहेर पडेना. मोहियोद्दीन तिच्याकडं गेला. "हुनर मेला न्हाई तुझा," तो म्हणाला. "चल."

"चाचा, माझ्या हातचं कोन लावंल?"

"माझ्या दुकानातून जाईल. कुनाला काय समजतंय?"

ती मागच्या खोलीत बसून कुंकू करू लागली. हळूहळू ती जेवू लागली, बोलू लागली. हे बघून मोहियोद्दीनला वाटलं, आता सगळं पहिल्यासारखं होईल. शिवरात्र आली तशी कमरुन्निसानं त्याला बजावलं, "नका नेऊ तिला. लोक बोलतील."

"तिचं दुकान हाय. मी काहून लपवू?"

त्यानं तिला तिच्या जुन्या जागेवर बसवलं. जमनाबाई आली, या वेळी धाकट्या लेकीचं लग्न काढून. ओळखीचं हसत तिनं परातीत बोट बुडवलं, वर पाहिलं, तर समोर मोकळं कपाळ. तिनं बोट मातीला पुसलं.

"तुज्यावर राग न्हाई गं माय," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पन माझ्या लेकीचं लगीन हाय."

बातमी जत्रेभर गेली. त्या परातीजवळ मग कुणी थांबलं नाही. वसमतलाही ती पोचली, दुकानातला मालही तिच्याच हातचा हे कळलं, आणि बाया मोहियोद्दीनच्या दुकानातून नेलेल्या पुड्या परत घेऊन आल्या. एक नवी नवरी तर रडत होती, मी हे लावलंय, आता कसं व्हायचं? मनकर्णा मागच्या खोलीतून सगळं ऐकत होती. ती उठली, हात धुतले आणि घरी गेली.

मोहियोद्दीन पुन्हा तिच्या दारात उभा राहिला. "बुक्का कर. बुक्का तर कुनीबी लावतं."

"चाचा, मला कुंकू येतंय," ती एवढंच म्हणाली.

काही दिवसांनी ती जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला रोजानं जाऊ लागली. सकाळी बायांच्या रांगेत, दुसऱ्याच्या फाटकात. मोहियोद्दीननं ते एकदा पाहिलं आणि तो रस्ता सोडला. कुणी पोराला घेऊन आलं, याला काही धंदा शिकवा म्हणालं, तर तो मान हलवायचा. "मी आता कुनाला सांगत न्हाई." दुकानात माल कमी होत गेला. सत्तेचाळीसच्या थंडीत तो अंथरुणाला खिळला आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी गेला.

मनकर्णा कमरुन्निसाला भेटायला गेली. दोघी भिंतीला टेकून बसल्या. मग कमरुन्निसा म्हणाली, "शेवटपर्यंत एकच बोलत होते. पोरीला त्या दिवशी जत्रेत बसवायला नको होतं. माझ्यामुळं तिचं गेलं."

मनकर्णानं तोंडावर पदर घेतला.

"त्यायनं बराबर केलं चाची. कपाळ मोकळं झाल्यावरबी हे मनकर्णाचं दुकान हाय म्हनून चारचौघांत सांगनारे तेवढेच होते. मीच त्यायला कधी हे सांगितलं न्हाई."

बाहेर जिनाचा भोंगा वाजला. तिनं डोळे पुसले, कमरुन्निसाच्या पायांना हात लावला आणि ती कामावर गेली.