मामाकडून परीक्षेला

माझ्या मुलीला गणित येत होतं, आकृत्या येत होत्या, उतारा वाचून उत्तरं देता येत होती. तिला फक्त बस लागत होती. गावातून निघालेली एसटी दुसऱ्या वळणाला आली की तिचा चेहरा पांढरा पडायचा आणि तिसऱ्या वळणाला मी पिशवी उघडून तयार असायचे. एकदा उलटी झाली की पुढचा अर्धा दिवस ती कामातून गेलेली. आणि त्या निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचं केंद्र आलं होतं लोणावळ्याला.

ही परीक्षा पाचवीत असताना एकदाच देता येते. नंबर लागला तर सहावीपासून राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथेच. आमच्या आंदर मावळात सातवीनंतर पोरींना शाळेसाठी किती चालावं लागतं, ते मी लग्न होऊन आल्यापासून बघते आहे. पाऊस लागला की निम्म्या जणी घरी बसतात, आणि त्यातल्या काही परत जातच नाहीत. माझी बसणार नाही, हे मी ती तिसरीत असतानाच ठरवलं होतं. घरातले म्हणायचे, हिने एकदा ठरवलं की ही देवाचंसुद्धा ऐकत नाही. खरं आहे ते.

म्हणून मी तिच्याकडून बसचा सराव करून घ्यायला लागले. दर रविवारी सकाळची गाडी, पुढची सीट, हातात लिंबू, तोंडात आल्याचा तुकडा. कान्ह्याला उतरायचं, स्टेशनच्या बाकावर बसायचं आणि सराव प्रश्नपत्रिका सोडवायची. तिथून पुढे लोणावळ्यापर्यंत लोकल, ती तिला लागत नाही. बसचा तेवढा तुकडा निभावला की झालं, असं माझं गणित. कंडक्टर आम्हाला ओळखायला लागला होता. "आल्या का परीक्षावाल्या," म्हणायचा आणि पुढच्या सीटवरच्या माणसाला मागे पाठवायचा.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी ती दोनदा ओकली. तरी बाकावर बसून तिने पेपर सोडवला. घरी येऊन मी तपासला तर निम्म्याहून जास्त चूक. मग नीट पाहिलं. उत्तरपत्रिकेवर एके ठिकाणी एक ओळ सोडून तिने गोल भरला होता आणि तिथून पुढचं प्रत्येक उत्तर एक ओळ खाली सरकलं होतं. उत्तरं बरोबर आणि गोल चूक.

"लय गरगरत हुतं," ती म्हणाली. "वळी हालत हुत्या."

संध्याकाळी नवरा कंपनीतून आला तेव्हा त्याला मी तो कागद दाखवला. बूट काढता काढता तो म्हणाला, "आदल्या दिवशी भावाकडं जा की. तुंगार्लीतनं चालत जायाजोगं हाय."

मला हे सुचलं नव्हतं असं नाही. लोणावळ्यातलं तुंगार्ली माझं माहेर. पण भावाच्या घरी मी दोन वर्षं पाऊल टाकलं नव्हतं. त्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला पंगत बसली होती आणि माझ्या मुलीने वहिनीला विचारलं, "मामी, मी हितं बसू का?" वहिनी हसली. शेजारच्या बायकांना म्हणाली, "ऐकलंत का, हितं." मग त्या सगळ्याच हसल्या. मी मुलीचा हात धरला आणि ताटावरून उठले. भाऊ फाटकापर्यंत मागे आला, मी वळून पाहिलं नाही. त्यानंतर दोन भाऊबिजा तशाच गेल्या.

दोन दिवस मी फोन हातात घ्यायचे आणि परत ठेवायचे. मला वहिनीचं तोंड बघायचं नव्हतं. पण ते सरकलेले गोल डोळ्यांसमोरून हलेनात. शेवटी लावला. भाऊ म्हणाला, "कधी येताय?" एवढंच, मधल्या दोन वर्षांबद्दल काही नाही. त्याचाही मला रागच आला.

आदल्या दिवशी निघालो. बसमध्ये ती ओकली, ते धरूनच चाललो होतो. लोकलमध्ये जरा बरं वाटल्यावर मी तिला सांगितलं, "मामाकडे नीट बोलायचं हं." तिने मान हलवली.

तिथे पोचल्यावरही ती फक्त मानच हलवत राहिली. वहिनीने चहा विचारला, मान. मामाने शाळेचं विचारलं, मान. मी दोन गणितं घातली तर उत्तरं कागदावर लिहून दाखवली. मला धडकी भरली. पोरगी घाबरली आहे, उद्या हिला काही सुचणार नाही, आणि याला कारण ही बाई. वहिनीशी मी हो-नाहीपलीकडे बोलत नव्हते.

जेवायला बसलो. पोटाला हलका म्हणून वहिनीने मुलीसाठी मऊ भात केला होता. ती घास घेईना. वहिनी स्वयंपाकघरात गेली तशी मी दबक्या आवाजात म्हटलं, "बोल की काहीतरी. मामीची भीती वाटते का?"

"मामीची न्हाई," ती ताटाकडे बघत पुटपुटली. "माझ्या तोंडातनं काय बी गेलं, आन् तू परत उठलीस, तर उद्या पेपराला कशी जाऊ मी?"

दहा वर्षांच्या पोरीने माझ्या रागाची एवढी धास्ती घेतली होती, आणि दिवसभर मी वहिनीला बोल लावत होते. मला लाज वाटली.

वहिनी परत आली. मी ताट पुढे केलं आणि भूक नसताना भात मागून घेतला. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मांडी आणखी घट्ट घातली. मग ती हळूच म्हणाली, "मामी, लोणचं हाय का?"

वहिनी जराशी थांबली. आता हसेल, असं मला वाटलं.

"आहे ना," म्हणाली आणि बरणी घेऊन आली.

सकाळी केंद्राकडे चालत जाताना मुलगी मामीला आमची म्हैस व्याल्याचं सांगत होती, तिच्या नेहमीच्या बोलीत, न थांबता. माझा राग गेला नव्हता, आजही पुरता गेलेला नाही. मी तोंड मिटून मागून चालत होते. फाटकातून आत जाण्याआधी तिने एकदा वळून, मी आहे ना, ते पाहून घेतलं.