मधला आवाज

मेलेरीने पहिलं गाणं रचलं ते गोठ्यात, दूध काढायच्या यंत्राच्या तालावर. यंत्राची धाप एकसारखी चालते, त्यामुळे ताल सुटत नाही, असं ती पुढे रेडिओवर सांगायची आणि विचारणारे हसायचे. तिच्या दृष्टीने त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

त्यांच्या शेताचं नाव पेनब्रिन. वेल्समधल्या तनातच्या खोऱ्यात माणूस शेताच्या नावानेच ओळखला जातो, त्यामुळे कार्डिफच्या बारमध्ये गिटार घेऊन उभी राहिली तरी गावासाठी ती पेनब्रिनची मेलेरीच होती. दोन हिवाळे तिने तसे काढले. समोरच्या अर्ध्या लोकांना वेल्श कळायचं नाही. ते बियरचे ग्लास हातात घेऊन नम्रपणे ऐकायचे आणि तिसऱ्या गाण्याला बोलायला लागायचे. मग एका छोट्या कंपनीने तिची पहिली रेकॉर्ड काढली. तिची स्वतःची सात गाणी आणि आठवं घरचं, नाताळचं.

ते घरचं गीत म्हणजे साधी गोष्ट नव्हती. नाताळच्या दिवसांत चर्चमध्ये प्लगाइनला, म्हणजे नाताळगीतांच्या मेळाव्याला, सगळी घराणी जमतात. कुणी नाव पुकारत नाही, वाद्य नसतं. एकेक मंडळी आपणहून उठते, पुढे जाते, आपलं गीत म्हणते आणि परत येऊन बसते. एका संध्याकाळी एक गीत दोनदा होत नाही, आणि दुसऱ्या घरच्या गीताला कुणी हात लावत नाही. पेनब्रिनचं गीत तिघं एकाच वेळी तीन वेगळ्या सुरावटींत म्हणायचे: वर एम्लिनकाका, मध्ये तिचे वडील इदवाल आणि खाली शेजारचा तेगिद, जो दुधाचा टँकर चालवायचा.

रेकॉर्ड तयार झाली तेव्हा इदवाल अंथरुणाला खिळले होते. तिने फोनवर गीत लावून त्यांच्या उशाशी ठेवलं. ते डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "गिटार जरा कमी असती तरी चाललं असतं." एवढंच. एप्रिलमध्ये ते गेले.

उन्हाळ्यात ते गीत रेडिओवर वाजायला लागलं. एम्लिनकाकांनी ते ट्रॅक्टरमध्ये अर्धं ऐकलं आणि रेडिओ बंद केला. "चाल मोडलीस, पोरी," एवढंच तिला ऐकवलं. कशी मोडली ते सांगितलं नाही. लहानपणापासून जसं ऐकलं तसंच तर ती गायली होती.

नोव्हेंबरात काका स्वतःच स्वयंपाकघरात येऊन बसले.

"यंदा प्लगाइनला पेनब्रिन एक तर उठणार नाही, नाही तर तू इदवालच्या जागी उभी राहशील. गिटार घरी ठेवायची."

"चर्चमध्ये गिटार कोण आणतं, काका?"

"तुझा काही नेम नाही."

तेगिदला बोलावून तिथेच पहिली तालीम झाली. मेलेरी रेकॉर्डवर गायली होती तशीच गायली, आणि काकांच्या आणि तेगिदच्या मध्ये तिचा आवाज चपखल बसला. तेगिद खो खो हसला. "अगं, रेकॉर्डवर तू बापाचा आवाज गायलीस! चाल तर वरच्या आवाजात, एम्लिनकडे आहे!"

जन्मभर ती वडिलांना चिकटून उभी राहिली होती. कानाशी जो आवाज होता, तीच चाल असं तिने धरलं होतं. तिचे कान तापले. तिने मनाशी ठरवलं, रेकॉर्डवर व्हायचं ते झालं. पण चर्चमध्ये एकदा, वडिलांच्या जागेवर, त्यांचा आवाज जिथला तिथे ठेवायचा. नाताळपर्यंत तिने दुसरं काही रचलं नाही.

प्लगाइनला चर्च भरलं होतं. ओल्या कोटांचा आणि मेणबत्त्यांचा वास येत होता. चार मंडळी होऊन गेल्या. मग बाला गावाकडच्या तीन मुली उठल्या. या खोऱ्यात त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांनी सूर घेतला आणि पहिल्याच ओळीला मेलेरीने गीत ओळखलं.

पेनब्रिनचं गीत. रेकॉर्डवरून शिकलेलं, जसंच्या तसं. तीन परक्या मुली तिच्या वडिलांचा मधला आवाज चाल म्हणून गात होत्या, आणि सुंदर गात होत्या. मागच्या बाकांवर कुजबुज झाली. मेलेरीने काकांकडे बघायचं टाळलं. आता ते गीत आज पुन्हा होणार नव्हतं.

मुली बसल्या. पुढचं कुणी उठेना. पेनब्रिन नेहमी पाचव्या मंडळीनंतर उठायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे थांबले.

"आजीचं ते दुसरं गीत येतं?" काका पुटपुटले.

"शब्द येतात. मधला आवाज नाही येत."

"कुणालाच येत नाही. अवघड म्हणून इदवाल ते टाळायचा."

"मग काय गाऊ?"

"त्यांच्या गळ्यातून इदवाल आत्ता येऊन गेला ना? आता तू तुझं गा. ऊठ. नाही तर त्या पोरींना वाटेल आपण रुसलो."

ते तिघं पुढे गेले. काकांनी सूर दिला. वर चाल होती, खाली तेगिद होता आणि मध्ये मोकळी जागा. पहिल्या कडव्यात मेलेरी चाचपडली, एकदा तेगिदच्या सुरावर आदळली. दुसऱ्यात ती काकांच्या ओठांकडे बघणं सोडून ऐकायला लागली. गोठ्यात ऐकायची तसं, आणि मधली जागा स्वतःच्या सुरांनी भरत गेली.

नंतर शेजारच्या खोलीत चहा आणि मनुकांचा गोड पाव चालू असताना त्या मुलींतली लाउरी धावत आली. "आम्ही तुमचं गायलो! चाललं ना? रेकॉर्डवर 'पारंपरिक' लिहिलंय, म्हटलं सगळ्यांचं असेल."

तो शब्द मेलेरीनेच लिहून दिला होता.

"पारंपरिक नाही, ते पेनब्रिनचं," काका म्हणाले. "पुढच्या वर्षी ते आम्ही म्हणणार. तुमच्याही घरात काहीतरी असेलच, आजीला विचारा." लाउरीचा चेहरा पडला, तशी त्यांनी पावाची ताटली तिच्यापुढे सरकवली. "घे. गायलात मात्र छान."

परतताना पेनब्रिनच्या फाटकाशी काकांनी गाडी थांबवली.

"मधला बरा होता. पण तिसऱ्या कडव्यात तुझ्या आवाजात इदवाल घुसला होता."

"कळलं मला," मेलेरी म्हणाली आणि फाटक उघडायला उतरली.