हौशाचा पोळा

आपल्यापेक्षा आपला ससा बलवान व्हावा म्हणून वर्षानुवर्षे झटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा साडू आहे. हा ससा पिंजऱ्यातला नाही, शेतातलाही नाही. तो एका खेळातला आहे. माझ्या साडूंची मुलगी मुक्ता हिने कॉलेजात असताना हा खेळ घरी आणला. टेबलाभोवती बसायचे, एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतले एकेक पात्र व्हायचे. तलवारी, जादू, राक्षस, गुहा, सगळे तोंडी. आपण काय करणार ते बोलून सांगायचे आणि ते जमले की नाही हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचे. गोष्ट मुक्ता सांगत असे. खेळणारे आम्ही तिघे: साडू, त्यांची पत्नी, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण अक्का, आणि मी. एक रविवार सोडून मी धुळ्याहून बस पकडून जळगावला, पिंप्राळ्यातल्या त्यांच्या घरी जात असे. माझी पत्नी सोबत यायची, आमच्याकडे एकवार पाहायची आणि आतल्या खोलीत जाऊन झोपायची. तिचे चुकत होते असे मला अजूनही म्हणवत नाही.

साडूंना प्राण्यांची भीती वाटते, हे प्रथम सांगायला हवे. भीती हा शब्दही अपुरा आहे, कारण त्यात आदर फार आहे. गल्लीतल्या कुत्र्याला ते 'अहो' म्हणतात. "अहो, जरा सरकता का," असे एका झोपलेल्या कुत्र्याला अत्यंत सौम्य आवाजात विनवताना मी त्यांना ऐकले आहे. कुत्रे सरकले नाही, तेव्हा साडू मागे फिरले आणि रिक्षा करून दुसऱ्या बाजूने घरी आले. एकदा दूध आणायला गेले असता त्यांच्या स्कूटरला टेकून एक वासरू उभे राहिले. ते पायी घरी परतले आणि अक्कांना म्हणाले, "गाडी दुकानापाशी आहे, तिथे जरा पाहुणे आलेत." अक्का गेल्या, वासराच्या पाठीवर थाप मारली आणि स्कूटर ढकलत घेऊन आल्या. टेलिफोन खात्यात नोकरीला असताना साडू खांबावर चढायला सदैव तयार असत. सहकाऱ्यांना ती कर्तव्यनिष्ठा वाटे. खरे कारण ते निवृत्त झाल्यावर माझ्यापाशी बोलले: "भाऊ, वर कुत्रा नसतो."

खेळाच्या पहिल्याच दिवशी मुक्ताने सांगितले, की प्रत्येकाला हवा असल्यास एक जादूचा सोबती प्राणी घेता येईल. लांडगा, ससाणा, अस्वल, वटवाघूळ अशी नावे तिने वाचून दाखवली. साडूंनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "यात न चावणारं कोण आहे?"

"पप्पा, चावण्यासाठीच तर घेतात ते."

"मला नको तसा. मला पाहून जो पळेल असा दे."

"पळून गेला तर सोबती कसला?"

"म्हणजे, मला घाबरणारा पाहिजे गं. दोघांपैकी एकाला तरी भीती वाटणारच, मग ती त्याला वाटू दे."

अशा रीतीने यादीत नसलेला ससा मुक्ताला यादीत घ्यावा लागला. साडूंनी त्याचे नाव ठेवले हौशा. हे बैलाचे नाव आहे, असे मी नम्रपणे सुचवून पाहिले. ते म्हणाले, "नाव मोठं ठेवावं. अंग मागून भरतं."

आणि ते खरोखर भरले. या खेळात पराक्रम केला की गुण मिळतात आणि ते खर्चून आपले पात्र बळकट करता येते. अक्कांनी आपली तिरंदाज बाई इतकी तयार केली की ती अंधारात डासाचा डोळा फोडील. मी एका संन्यासी वैद्याचे पात्र घेतले होते, जो लढत नाही, मागाहून येऊन जखमा बांधतो. ते माझ्या स्वभावाला धरून होते, आणि त्यातही मी थोडेफार चिलखत जमवले होते. साडूंनी मात्र आपल्या शिपायावर एकही गुण कधी खर्च केला नाही. पहिल्या दिवशी मिळालेली गंजकी तलवार आणि फाटकी चप्पल त्याने अखेरपर्यंत वापरली. जे मिळेल ते हौशाला. हौशाची कातडी जाड करा, हौशाला विस्तवाची बाधा होऊ देऊ नका, हौशाचे मागचे पाय लोखंडी करा. एका राजाच्या खजिन्यात आम्ही शिरलो तेव्हा अक्कांनी रत्नजडित धनुष्य उचलले, मी औषधांची पेटी घेतली, आणि साडूंनी विचारले, "यांच्याकडे सरकीची ढेप मिळेल का?" ससा ढेप खात नाही, असे मुक्ताने सांगितले. "जादूचा खातो," ते म्हणाले. थोडा वाद झाला आणि अखेर राजाच्या कोठारात ढेप निघाली. ती खाऊन हौशाचे बळ वाढल्याचेही मुक्ताला जाहीर करावे लागले.

भुतांच्या गुहेत, पुढे मशाली विझत चाललेल्या असताना, साडू हात वर करून म्हणत, "थांबा. आधी त्याला पाणी." गोष्ट थांबे. गुहेत झरा आहे का, तो गोड आहे का, काठाला लसूणघास आहे का, याची चौकशी होई. भुते तेवढा वेळ ताटकळत. पुढे एक पायरी अशी आली की सोबती प्राण्याला बोलता येऊ शकत होते. साडूंनी ती विद्या घेतली नाही. "बोलायला लागला की मला नावं ठेवील. घरात एक आहे तेवढं पुरे." यावर अक्का शांतपणे म्हणाल्या, "सशाला कळतं, यांना सांगून उपयोग नाही. तो तसाही गप्पच बसला असता."

होता होता हौशा बैलाएवढा झाला. कान सुपाएवढे. अक्कांना आणि मला पाठीवर घेऊन तो डोंगर चढे, आणि त्याला ओझे नको म्हणून साडूंचा शिपाई फाटक्या चपलेने खालून चालत येई.

हे सगळे पाहून मला कधी हसू येई आणि कधी, खरे सांगायचे तर, हेवा वाटे. तो बलाढ्य ससा आपल्याला मिळावा असा विचार माझ्या मनात येऊन गेला आहे. त्याला कारण एक नियम होता. मालक मेला की सोबती प्राण्याची सारी शक्ती जाते आणि तो साधा प्राणी होऊन रानात निघून जातो. मालकाने मरण्यापूर्वी तो कुणाच्या हाती सोपवला तरच वाचतो. साडूंचा शिपाई इतका दुबळा, की तो कुठल्याही वळणावर मरणार हे उघड होते. "साडूभाऊ, थोडे गुण स्वतःवर घाला," असे मी वारंवार सांगे आणि वर हळूच जोडी, "नाहीतर हौशाला कुणाच्या तरी नावे करून ठेवा." त्या 'कुणाच्या तरी'मध्ये मी किती सोयीस्करपणे उभा होतो, हे आठवले की अजून संकोच वाटतो.

साडूंची काळजी याहून मोठी होती. मुक्ताला पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीत प्रवेश मिळाला, आणि त्या दिवसापासून ते अधूनमधून एकच प्रश्न विचारू लागले: "खेळ संपल्यावर हौशाचं काय होईल?"

"काय व्हायचं, पप्पा? गोष्ट संपली की संपली."

"म्हणजे तो जाईल?"

मुक्ता फासे आवरू लागे.

शेवटचा डाव आला तो नेमका पोळ्याच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ता निघणार होती, म्हणून पुढे ढकलायला जागा नव्हती. एका राक्षसाने आख्खी नदी गिळली होती आणि तीन वर्षे आम्ही तिच्या शोधात हिंडत होतो. आता तो राक्षस समोर बसला होता. त्याच्याशी झुंजेल असा आमच्यात एकटा हौशा होता. मुक्ताने डोंगर उभा केला, वारा सोडला, राक्षसाची सावली आमच्या अंगावर टाकली आणि विचारले, "पप्पा, हौशा काय करतो?"

"हौशा बसलाय."

"बसलाय म्हणजे?"

"आज पोया शे, पोरी. आज हौशाले काम नही."

साडू एरवी आपल्यासारखेच बोलतात. चाळीसगावकडच्या त्यांच्या गावची बोली त्यांच्या तोंडी क्वचित येते, आणि आली की मग वाद घालण्यात अर्थ नसतो. तरी मी घातला. स्वयंपाकघरात अक्कांनी खापरावर केलेले मांडे घडी घालून ठेवले होते, देव्हाऱ्यापुढे मातीचे बैल पुजलेले होते, आणि मी पन्नाशी उलटलेला माणूस खेळ हरू नये म्हणून म्हणत होतो, "साडूभाऊ, पोळा बैलांचा असतो. सशाचा नव्हे."

"भाऊ, तीन वर्षं ओझं कुणी वाहिलं?"

"हौशाने."

"मग? शिंगं नाहीत म्हणून त्याला सण नाही का?"

मातीच्या बैलांकडे पाहत साडूंनी सांगितले, की लहानपणी त्यांच्या घरी बैलजोडी होती. पोळ्याला वडील नैवेद्याचे ताट त्यांच्या हाती देत आणि बैलाला हाताने घास भरव म्हणत. "मी ताट खाली ठेवून माळ्यावर पळायचो. दर वर्षी. बैल बिचारा माझ्याकडे मान वर करून बघायचा. वडील काही बोलायचे नाहीत, स्वतः भरवायचे." मग ते मुक्ताला म्हणाले, "हौशाला मी काल संध्याकाळी खांद्याला तूप-हळद लावलीय. ते लिही, आणि आता त्याच्यापुढे मांडा ठेव. माझ्या हाताने."

"ठेवला," मुक्ता म्हणाली. "पण पप्पा, राक्षस उठलाय."

"येऊ दे. मी जातो पुढे."

"तुम्ही? त्या तलवारीनं?"

"तलवार माझीच आहे ना?"

"पप्पा, तुम्ही मराल. आणि नियम माहीत आहे ना, हौशा कुणाला दिला नाही तर..."

"माहीत आहे," साडू म्हणाले. मी, सांगायला लाज वाटते, खुर्चीत किंचित पुढे सरकलो. "हौशा मी तुला दिला."

"मला कसा देता? मी खेळत नाही, पप्पा. मी नुसती गोष्ट सांगते."

"तिकडे खेळशीलच की कुणाशी तरी. त्यांच्यात घे त्याला. मोठा झालाय आता, त्रास नाही देणार."

मुक्ताने आपल्या वहीत हौशाचे नाव लिहिले आणि ती म्हणाली, "घेतला." मग साडूंनी फासा टाकला. फारच थोडे पडले. गंजकी तलवार उगारून फाटक्या चपलेतला तो शिपाई पुढे धावला, राक्षसाला हसू आवरेना, आणि त्याला गिळण्यासाठी त्याने जबडा उघडला. त्याच क्षणी अक्कांनी फासा फेकला. त्यांचा बाण उघड्या जबड्यातून घशात गेला, राक्षस शिपायाच्याच अंगावर कोसळला आणि गिळलेली नदी खळाळत बाहेर आली.

"एकदाचे कामाला आलात," अक्का नवऱ्याला म्हणाल्या.

"पप्पा, तुम्ही गेलात," मुक्ता म्हणाली. "पण आपण जिंकलो. नदी आली."

"मी गेलो ते असू दे," साडू म्हणाले. "आता पाणी आलंय ना? आधी हौशाला पाज."

तिने पाजले. तो कसा काठावर उतरला, कसे त्याचे सुपाएवढे कान पाण्यावर टेकले, कसा तो पोटभर प्याला, हे ती फार सावकाश सांगत राहिली. राक्षसाच्या वर्णनालाही तिने कधी इतका वेळ दिला नव्हता. साडू डोळे मिटून ऐकत होते. मग आम्ही मांडे खाल्ले.

आता टेबलावर फासे नसतात. मी मात्र एक रविवार सोडून पिंप्राळ्याला जातो. भरीत-भाकरी होते, आणि दुपारी मुक्ताचा फोन येतो. तिकडे तिला खेळणारे चारजण भेटले आहेत. त्यांच्यापैकी कुणालाही, बैलाएवढ्या सशाला पाणी पाजल्याशिवाय पुढे का जायचे नसते, हे अजून नीट समजलेले नाही, पण ते थांबतात. तब्येत, अभ्यास, खोलीचे भाडे या गोष्टी अक्का विचारतात. साडू आपली पाळी येईपर्यंत वाट पाहतात आणि फोन हातात आला की म्हणतात, "हौशा कसा आहे?"

"छान आहे, पप्पा."

"थंडी फार म्हणतात तिकडे. घरात घेतेस ना त्याला?"

"घेते."

"जेवतो वेळेवर?"

"कधीकधी उशीर होतो."

"उशीर नको करू म्हणावं. आणि एकटा नको हिंडू."

"नाही हिंडत, पप्पा. आहेत सोबतीला."

आत अक्का भांडी घासत असतात. एवढ्या बोलण्यापुरता त्या नळ बंद करतात. मी खिडकीतून बाहेर पाहू लागतो, कारण अशा वेळी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू नये, हे मला त्या घरात कळले आहे. शेवटी साडू फोन थोडा जवळ धरतात आणि आवाज खाली आणून, इकडे सगळे ठीक असल्याची खुशाली आपल्या गावच्या बोलीत कळवतात, "त्याले सांग, इकडे बठ्ठं बेस शे."