नुसतं टिपणारा कोड

संगमनेरहून पुण्याला निघालेल्या बसमध्ये माझ्या शेजारी एक बाई मांडीवर लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. फोन आला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. रक्तपेढीची वेबसाइट बंद पडली होती, त्यांनी सांगितलं. हॉस्पिटलांची रक्ताची मागणी पोचतच नव्हती.

"कशानं बंद पडली?" मी विचारलं.

"माझ्याच कोडनं. मागणी कुठून कुठं गेली, एवढंच तो टिपतो. तो कोसळला आणि त्यानं सगळा सर्व्हर पाडला."

टिपताना चूक झाली तर ती चूक नोंदवून ठेवायची, पण मागणी पुढे जाऊ द्यायची, एवढा बदल त्यांनी घाईनं केला. थोड्या वेळानं पुन्हा फोन वाजला. मागण्या पोचू लागल्या होत्या.

त्यांनी लॅपटॉप मिटला.

"मला वाटायचं, नुसतं बघणाऱ्यानं काय बिघडतंय."