सोलरवरच्या कुरडया

गेल्या चैत्रात आमच्या घरची वीज कुरडयांनी खाल्ली. याची तक्रार मी कुठंही करू शकलो नाही, कारण कुरडया आमच्याच होत्या आणि त्यांना परवानगी मीच दिली होती.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालो. कन्नडहून जीपनं वीस मिनिटांवर आमची वस्ती. निवृत्त मास्तराला अशा ठिकाणी दोनच कामं असतात, पेपर वाचणं आणि वाचलेलं दुसऱ्याला सांगणं. छतावरच्या सोलरविषयी मी दूध डेअरीसमोर उभं राहून इतकं सांगितलं, इतकं सांगितलं, की शेवटी सोपान वैतागला. सोपान म्हणजे आमचा शेजारी आणि माझा जुना विद्यार्थी.

"गुरुजी, तुमी आधी बसवा. तुमचं चाललं तर आमी सात घरं फॉर्म भरतो."

झालं! आता माघार घेणं शक्यच नव्हतं. घरी येऊन मी बायकोला, म्हणजे कमलला, ही आनंदाची बातमी दिली.

"बसवा की," ती म्हणाली. "पर माजी गच्ची?"

आमच्या आळीत स्लॅबचं घर आमचं एकट्याचं, बाकी सगळे पत्रे. त्यामुळं दर चैत्रात सगळ्या बायकांचं वाळवण आमच्या गच्चीवर असतं. पहाटे चीक शिजवायचा, सोऱ्यानं कुरडया पाडायच्या, मग दिवसभर कावळे हाकत गप्पा मारायच्या. कमल वर्षभर घरात बेतानं हसते. त्या आठ दिवसांत तिचं हसणं खाली अंगणात ऐकू येतं.

"तुझ्या वाळवणाला एक इंचही जागा कमी पडणार नाही," मी म्हणालो. "माझा शब्द आहे."

(शब्द देण्याआधी गच्ची मोजायला हवी होती. पण मी विज्ञानाचा, मोजमापं गणिताच्या मास्तरांकडं असायची.)

संभाजीनगरहून इंजिनिअर मॅडम आल्या. तरुण, भराभर बोलणाऱ्या आणि कामाच्या पक्क्या. त्यांच्या माणसांनी दोन दिवसांत सहा पॅनल बसवले, आणि गच्चीवर मांजराला वळता येईल एवढी जागा उरली. बसवताना सोपाननं विचारलं, "मॅडम, आभाळ आलं तर?"

"पॅनल उजेडावर चालतं, उन्हाच्या तापावर नाही. उलट फार तापलं तर वीज थोडी कमीच होते."

हे वाक्य मी डायरीत उतरवून घेतलं. पुढचा सगळा घोटाळा त्या डायरीतून झाला.

चैत्र आला. कमल जिना चढून वर गेली, सहा पॅनल बघितले आणि खाली आली. भांडली नाही. नुसती भिजत घातलेल्या गव्हाच्या पातेल्याकडं बघत बसली. भांडली असती तर मी दोन गोष्टी ऐकवल्या असत्या.

मी डायरी उघडली. पॅनलला काय लागतं? उजेड. कुरडईला काय लागतं? ताप. मग या दोघांचं भांडण आहेच कुठं? पॅनलवर कुरडया घातल्या तर त्या वरचा ताप पिऊन घेतील, पॅनल थंड राहील आणि वीज उलट वाढेल! तीस वर्षं मी मुलांना दुसऱ्यांनी लावलेले शोध शिकवले. हा माझा पहिला स्वतःचा शोध होता.

"अहो, पर खाली फडकं टाकावं लागंल," कमल म्हणाली. "मग उजेड कसा जाईल?"

"पातळ धोतर टाकायचं. ते पारभासक असतं."

"ते काय असतं?"

मी घडीतलं धोतर काढलं आणि दिव्यासमोर धरलं. उजेड आरपार आला. प्रयोग यशस्वी झाला. कमलनं दिव्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. तिला पटलं नव्हतं, पण तिला गच्ची हवी होती.

पहिल्या दिवशी फक्त एका पॅनलवर कुरडया पडल्या. संध्याकाळी बघतो तर खडखडीत वाळलेल्या! एरवी तीन दिवस लागतात. ही बातमी आळीत पोचायला एक तासही लागला नाही. दुसऱ्या दिवशी सोपानची बायको भागूबाई पापड घेऊन हजर झाली. तिसऱ्या दिवशी शेवया आल्या, चौथ्या दिवशी सांडगे आणि मिरच्या. मिरच्या उतारावरून घरंगळत होत्या, म्हणून भागूबाईनं पॅनलच्या खालच्या कडेला तुराट्या बांधल्या. वरून हसण्याचे आवाज यायला लागले, आणि मी खाली खुर्चीत बसून शास्त्रज्ञासारखा चहा पीत होतो.

फक्त मोबाइलवर एक गडबड होती. आमची वीज किती तयार होते, ते मोबाइलवर दिसतं. सकाळी रेघ चढते, दुपारी शेंड्याला जाते, संध्याकाळी उतरते. म्हणजे रोज एक टेकडी दिसायला हवी. पहिल्या दिवशी टेकडी थोडी बसली. दुसऱ्या दिवशी तिचं ढेकूळ झालं. मी म्हटलं, नेट नाही. तिसऱ्या दिवशी म्हटलं, धूळ आहे. चौथ्या दिवशी जमीन सपाट झाली, तेव्हा माझी खात्रीच पटली की कंपनीनं माल खराब दिलाय.

"अहो, एकदा वर जाऊन बगा तरी," कमल म्हणाली.

"वर काय आहे ते मला माहीत आहे," मी म्हणालो. (शिवाय गुडघे दुखत होते.)

मी मॅडमना फोन करून खडसावलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी अब्रू वाचली असती. पण कंपनी आपली चूक कशी कबूल करते हे चारचौघांना दिसायला हवं, म्हणून मी सातही घरांना आमंत्रण दिलं.

पाचव्या दिवशी भर दुपारी मॅडम आल्या. आम्ही सगळे त्यांच्या मागोमाग गच्चीवर गेलो. मॅडम शेवटच्या पायरीवर थबकल्या. पहिल्या दोन पॅनलवर कुरडया, तिसऱ्यावर पापड, चौथ्यावर शेवया, पाचव्यावर मिरच्या. सहाव्यावर सांडगे, आणि उरलेल्या कोपऱ्यात माझे दोन बनियन. काचेचा बोटभर तुकडासुद्धा दिसत नव्हता.

"हे कुणी सांगितलं घालायला?" मॅडमनी हळू आवाजात विचारलं.

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी टाकीकडं बघायला लागलो.

"मीच घातलं," कमल म्हणाली. "आमाला काय कळतंय त्यातलं."

तीस वर्षांत मी कितीतरी पोरांना खोटं बोलताना पकडलं, पण माझ्यासाठी कुणी खोटं बोलल्याचं आठवत नाही. मला मनापासून लाज वाटली.

"मी सांगितलं," मी म्हणालो, आणि मग उजेड, ताप, धोतर, सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी कमलच्या मदतीनं पहिलं धोतर उचललं, दुसरं उचललं, मिरच्या गोळा केल्या. थोड्याच वेळात मोबाइलवरची रेघ ताठ उभी राहिली.

"माल चांगला आहे, सर," त्या म्हणाल्या.

"ते ठीक आहे," मी आवाज चढवायचा एक शेवटचा प्रयत्न केला. "पण गच्चीचं काय? माझ्या बायकोनं वाळवण कुठं घालायचं?"

"सांगाडा उंच करून पॅनल एका कडेला घेता येतील. निम्मी गच्ची उन्हात मोकळी, निम्मी बसायला सावलीत."

"मग हे आधीच कामून नाय केलं?" कमलनं विचारलं.

"मावशी, मी विचारलं होतं की गच्ची कशासाठी वापरता. सर म्हणाले, कशासाठीच नाही."

मला ते बोलणं आठवत होतं. मी घाईत होतो, आणि कमलला दिलेला शब्द तेव्हा डोक्यातच नव्हता. पंचवीस वर्षं ती बाई माझ्या डोक्यावर बसून कुरडया घालत होती आणि मला गच्ची रिकामी दिसत होती. कमलनं माझे दोन बनियन उचलले, झटकले आणि माझ्या हातात दिले. त्यानंतर मला दोन दिवस जेवण वेळेवर मिळालं, पण मुकाट्यानं.

सांगाडा उंच झाला. सातही घरांनी फॉर्म भरले. भरताना प्रत्येक शंका त्यांनी मॅडमना विचारली, मॅडम नसल्या तर कमलला. मी मधे काही सांगायला लागलो, की भागूबाई म्हणायची, "गुरुजी, तुमी चहा घ्या."

निघताना मॅडमनी सहज विचारलं, "सर, तुम्ही शाळेत कोणता विषय शिकवायचात?"

"पी.टी.," मी म्हणालो.

"नाय मॅडम," सोपान अदबीनं म्हणाला, "आमाला सातवीला विज्ञान गुरुजींनीच शिकवलं. म्हून तर मी शेती करतो."